सहा उद्यानं आणि मधला रस्ता

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. १९५५ सालचं ताडोबा सगळ्यांत थोरलं, २००४ सालचं चांदोली शेंडेफळ. मधली चार म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी, मेळघाटातलं गुगामल, नागपूरच्या उत्तरेचं पेंच आणि गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव. दिवाळीचा फराळ संपत आला की अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत अनेक घरांत एक बेत शिजतो. गाडी आपली, समृद्धी महामार्ग पूर्ण झालेला, मुलांना नाताळची सुट्टी. मग एका दमात सहाही उद्यानं का करू नयेत?

नकाशा उघडला की पहिली अडचण दिसते. सहा ठिपक्यांचं वर्तुळ होत नाही. एक ठिपका घराच्या मागे. एक खाली दक्षिणेला, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सांध्यावर. उरलेले चार थेट विदर्भात. चांदोलीला जाऊन मग मेळघाट गाठायचा तर सुट्टीतले दोन दिवस निव्वळ डांबरावर जातात. म्हणून चांदोली वेगळ्या शनिवार-रविवारसाठी ठेवावं आणि उरलेल्या पाचांची एक माळ करावी: बोरिवली, मेळघाट, पेंच, नवेगाव, ताडोबा आणि परत. एवढ्याला बारा दिवस हवेत.

दुसरी अडचण नकाशावर दिसत नाही. बेत आखताना आपण उद्यानं मोजतो आणि मधल्या रस्त्याचे फक्त तास धरतो. वाघ-बिबट्यांचा हिशेब उलटा असतो. त्यांचं जगणं-मरणं पुष्कळदा या मधल्या पट्ट्यातच ठरतं आणि महाराष्ट्राचं जंगल कळायचं तर आपल्यालाही तिथेच डोळे उघडे ठेवावे लागतात.

आधी बोरिवली

विदर्भाला निघण्याआधीचा एक रविवार घरामागच्या उद्यानाला द्यावा. सोमवारी ते बंद असतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल आपण जत्रेसारखं वापरतो: बस पकडून कान्हेरीला जायचं, भेळ खायची, संध्याकाळी परत. पण विदर्भात जे पाहायचं आहे त्याची शाळा इथेच आहे. साग, ऐन, पळस, पांगारा ही झाडं इथे ओळखायला शिकलो तर मेळघाटात ती परकी वाटत नाहीत. कारवी दर आठ वर्षांनी फुलते. २०१६ आणि २०२४ साली ती इथे फुलली होती, म्हणजे पुढची पाळी २०३२ची. शहराला पाणी देणारा विहार तलाव १८६० सालचा, तुळशी त्यानंतरचा. तलावाचं पाणलोट राखायचं म्हणून आजूबाजूचं जंगल राखलं गेलं आणि उपनगरांच्या पोटात ते टिकून राहिलं. त्याच्याही कितीतरी आधी कान्हेरीच्या भिक्षूंनी शंभराहून अधिक लेणी खोदून प्रत्येकापाशी पाण्याची टाकी कोरली होती. या डोंगराचं आणि पाण्याचं नातं इतकं जुनं आहे.

आणि बिबटे. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले. त्याआधी २००४चा उन्हाळा उपनगरांनी भीतीत काढला होता. बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं दगावत होती आणि पिंजरे लावण्याची मागणी वाढत होती. पकडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडला की संघर्ष मिटत नाही, उलट वाढतो, हे विद्या अत्रेय यांच्या संशोधनातून पुढे आलं. २०११मध्ये वनविभाग, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ ही मोहीम सुरू केली. कचरा उचला, रात्री मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून गर्दी करू नका, असे साधे धडे होते.

अत्रेय यांच्याच संशोधनातला एक बिबट्या आपल्या सहलीचा पूर्वज म्हणावा असा आहे. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. बाहेर काढून, गळ्यात कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. वयस्कर नर म्हणून नाव पडलं ‘आजोबा’. तिथून तो चालत निघाला. कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि महिनाभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर कापून बोरिवलीच्या जंगलाच्या नागला भागात येऊन थांबला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला. तोवर आजोबा जिवंत नव्हता. २०११च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो गेला.

आपली गाडी बोरिवलीहून समृद्धीकडे निघते ती घोडबंदर रस्त्याने. उजवीकडे उद्यानाचा मुख्य भाग, डावीकडे खाडीपर्यंतचा नागला. दोन्ही एकाच उद्यानाचे तुकडे आणि मधून आपण जातो. सहलीतला जंगलाचा पहिला तुटलेला सांधा घरापासून अर्ध्या तासावर आहे.

समृद्धी आणि तिचे दोन थांबे

भिवंडीजवळच्या आमणे इथून समृद्धी सुरू होते आणि ७०१ किलोमीटरवर नागपूरला संपते. नागपूर-शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. कागदावर आठ तासांत नागपूर. दहा जिल्हे ओलांडणाऱ्या या रस्त्यावर वळण नाही, सिग्नल नाही, बैलगाडी नाही. नेमकं हेच धोक्याचं आहे, कारण डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपलेला. सुरुवातीच्या काळातल्या अपघातांमागे अतिवेग, फुटलेले टायर आणि डुलकी ही कारणं पुन्हा पुन्हा सांगितली गेली. जुलै २०२३मध्ये सिंदखेडराजाजवळ एका बसच्या अपघातात २५ जण होरपळून गेले. तेव्हा टायर तपासून घ्यावेत, टाकी भरून निघावं, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत आणि एका दिवसात नागपूर गाठण्याचा हट्ट सोडावा.

पहिला मुक्काम लोणारला करावा. मेहकरला महामार्ग सोडला की लोणार जवळ आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेलं ते विवर, तळाचं खारं-अल्कधर्मी पाणी, काठाची दाट झाडी आणि त्यातली जुनी देवळं. २०२० साली या सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यानांच्या यादीत ते नाही आणि म्हणूनच ‘सहा उरकू’वाल्या बेतात ते सुटतं.

लोणारच्याच बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात कॉलर असल्याने वाट नोंदली गेली: तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला, कपाशी-तुरीच्या शेतांतून, ओढ्यांतून, रस्त्यांकडेने चालत राहिला आणि वर्ष सरता सरता ज्ञानगंगेत पोचला. तोवर १,३०० किलोमीटर झाले होते; एकूण नोंद तीन हजारांच्या घरात गेली. जागा आणि जोडीदार शोधत तो हिंडत होता, असं अभ्यासक मानतात. गाडीच्या काचेतून आपल्याला ‘काहीच नाही’ असं वाटतं तो हा कपाशीचा प्रदेश. वाघाला तिथे लपायला ओढे होते.

मेळघाट पहिला

बहुतेक जण आधी ताडोबा करतात आणि मग उरलेल्या जंगलांवर रुसतात. ताडोब्यात पहिल्याच फेरीत वाघ दिसू शकतो. मेळघाटात तो आठवडाभर दिसणार नाही. म्हणून अवघडापासून सोप्याकडे जावं. लोणारहून परत समृद्धीवर यावं, कारंजा लाडला उतरून मूर्तिजापूर, अचलपूर, परतवाडा करत सेमाडोहला पोचावं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशभरातून निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा ३६१ चौरस किलोमीटरचा गाभा.

इथे सपाट काही नाही. सातपुड्याच्या घड्या, त्यांतून वाहणारी सिपना, उंच साग आणि खोल दऱ्या. जिप्सीत बसल्यावर गाइडचं लक्ष कानांकडे असतं. वानराचा खोकल्यासारखा कॉल, सांबराचं एकच भरदार ‘पोंक्’, भेकराचं भुंकणं. दिसणं कमी असलं की माणूस ऐकायला शिकतो आणि ते शिक्षण पुढच्या तिन्ही जंगलांत उपयोगी पडतं. कोरकू गावांच्या भाषेचा ठेका कानावर पडला तर तोही लक्ष देऊन ऐकावा. ती मराठीची बोली नाही. मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली स्वतंत्र भाषा आहे.

मेळघाटचा खरा मानकरी वाघापेक्षा लहान आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४नंतर कुणी पाहिलंच नव्हतं, नामशेष झाल्याचीच समजूत होती. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ सापडलं. पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती असल्याचं लक्षात आलं. आणि २०१४ साली ते दिसलं कुठे? तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात. तो परिसर आपण पहिल्याच सकाळी समृद्धीवरून मागे टाकलेला असतो.

पेंच: पुलाखालची आणि रात्रीची बाजू

मेळघाटाहून नागपूर आणि तिथून जबलपूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४४. रामटेक, मनसर, देवलापार ही गावं गेली की जंगल दोन्ही अंगांनी रस्त्याला भिडतं. हा रस्ता चौपदरी करायचं ठरलं तेव्हा पेंच आणि त्याच्या पूर्वेची जंगलं कायमची तुटणार होती. झाडतोडीवरून बरीच न्यायालयीन लढाई झाली. त्यातून महाराष्ट्राच्या हद्दीत छोटे-मोठे नऊ पूल उभे राहिले. सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा. गाड्या वरून, जनावरं खालून. भारतीय वन्यजीव संस्थेने पुलांखाली कॅमेरे लावले तेव्हा वाघ, रानकुत्रे, चितळांसह १८ जातींचे प्राणी तिथून जाताना दिसले. गाडी पुलावर थांबवू नये, पण जाताना वेग उतरवून बाजूच्या भिंतींकडे बघावं. आवाज आणि हेडलाइटचा झोत खाली जाऊ नये म्हणून त्या बांधल्या आहेत.

सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार अशी महाराष्ट्राच्या बाजूची फाटकं आहेत. एक रात्र सिल्लारीच्या आसपास काढावी, ती आकाशासाठी. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली वळवला गेला. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरले तर उपनगरात वाढलेल्या मुलांना आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

नवेगाव: दिवाळीनंतरचा मुलूख

रामटेकहून भंडारा, साकोली. साकोलीच्या अल्याड-पल्याड महामार्गाच्या उत्तरेला नागझिरा आणि दक्षिणेला नवेगाव. २०१३ साली दोन्ही मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला. मराठी वाचकाला ही जंगलं पुस्तकांतून आधीच ओळखीची असतात. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तकच लिहिलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिले आणि नवेगावबांधच्या तलावावरचे पक्षी त्यांनी मराठी साहित्यात आणले. २०२५ साली पद्मश्री मिळाल्यावर काही महिन्यांतच, जूनमध्ये, ते गेले. जिप्सीत त्यांचं एखादं पुस्तक सोबत असलं तर गाइडशी बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

हा तलावांचा आणि धानाचा मुलूख आहे. गोंदिया-भंडाऱ्यात महाराष्ट्रातले शेवटचे सारस पक्षी उरलेत. ते धानाच्या बांधीतच घरटं करतात, म्हणजे त्यांचं भवितव्य शेतकऱ्याच्या हातात आहे. त्यांच्यासाठी कुठलंही फाटक नाही, तिकीट नाही.

दिवाळीनंतर गेलात तर आणखी एक गोष्ट पदरात पडते. भाऊबिजेपासून इथे गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीला सुरू होऊन होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिचं माहेर. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे ओळीने दिसतात. शेतात मंडप, कडाक्याची थंडी, अंगावर घोंगडी आणि पहाटेपर्यंत चालणारं संगीत नाटक. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नवेगावहून ताडोब्याला जाणारा अर्जुनी मोरगाव-वडसा-ब्रह्मपुरी हा रस्ता नेमका तिथूनच जातो. त्या दिवशीची संध्याकाळ मोकळी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची सफारी घेऊ नये.

ताडोबा शेवटी

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा पट्टा ताडोब्याच्या पूर्वेचा. वाघ इथे उद्यानाबाहेरही मोठ्या संख्येने आहेत. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ नोंदले गेले, त्यांतले ९७ एकट्या ताडोबा प्रकल्पात. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्या प्राण्यासाठी आपण जिप्सीचं भाडं मोजतो, त्याच्याच भीतीत इथली माणसं मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचतात. ताडोबा हे नावही वाघाशी झुंजताना मेलेल्या ‘तारू’ या गोंड गावप्रमुखावरून आल्याचं सांगतात. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे.

आरक्षण सगळ्यांत आधी ताडोब्याचं करावं आणि बाकी सगळा बेत त्या तारखांभोवती विणावा. मोहर्ली आणि कोलारा ही फाटकं सुट्ट्यांत लवकर भरतात. मंगळवारी उद्यान बंद असतं. इतर जंगलांचे सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत, ते शासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद. एका जिप्सीत सहा पर्यटक, गाइड आणि चालक. आरक्षणात दिलेलं ओळखपत्रच बरोबर हवं. गाभ्याची जागा मिळाली नाही तर आगरझरी, देवाडा, जुनोना अशा बफरमधल्या फेऱ्या घ्याव्यात. बफरचं उत्पन्न तिथल्या गावांपर्यंत पोचतं आणि वाघाला कोअर-बफरची रेषा ठाऊक नसते. गाभ्यातल्या नवेगाव (उद्यानाचं नव्हे, हे वेगळं) आणि जामणी या गावांचं पुनर्वसन झालं. त्यांच्या शेतांची आता कुरणं झाली आहेत. पर्यटक तिथे चितळांचे कळप बघतात. तिथे कुणाची तरी चूल होती, हे लक्षात असू द्यावं.

ऋतूचं गणित साधं आहे. दिवाळीनंतर गवत माणसाएवढं असतं, वाघ कमी दिसतो, पण जंगल ताजं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटलेला असतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो आणि वाघ पाणवठ्यावर येतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची नोंद करण्याची प्रथा आता ‘निसर्गानुभव’ म्हणून चालते. वाघांची अधिकृत मोजणी मात्र कॅमेऱ्यांनीच होते.

‘साइटिंग झालं का?’ हा प्रश्न ताडोब्यात सकाळी नाश्त्याच्या टेबलावर हमखास येतो. या प्रश्नाने काय होतं ते २०२४च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. शिक्षा त्यांना झाली खरी, पण ‘अजून थोडं पुढे घ्या’ हा आग्रह मागच्या सीटवरून येत असतो. गाइडला पहिल्याच पाच मिनिटांत सांगावं की वाघ दिसला नाही तरी आमची तक्रार नाही. मग तो पक्षी, वारुळं, अस्वलाने ओरबाडलेलं झाड दाखवायला लागतो.

परतीची वाट आणि चांदोली

परतताना वरोऱ्याला आनंदवन आणि वर्ध्याला सेवाग्राम वाटेत आहेत. मग पुन्हा समृद्धी.

चांदोली नंतर कधीतरी, कराड-शिराळा मार्गे, दोन-तीन दिवसांत. वारणेच्या वसंतसागर जलाशयाभोवतीचं हे जंगल २०१० साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आलं. गावं उठली, जंगल वाढलं, तरी वाघ मोजकेच आणि येऊन-जाऊन असायचे. विदर्भातला तरुण वाघ चालत इथपर्यंत येईल अशी सलग वाट उरलेली नाही. अखेर २०२५ साली ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ इथे आणण्याला मंजुरी मिळाली आणि नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण गाडीतून चांदोलीला आली. ज्या दोन जंगलांना आपल्याही बेतात एका ओळीत बसवता येत नाही, त्यांना जोडायला वनविभागालाही ट्रक लागला.

हे सगळं पाहून घरी आलो की घोडबंदरचा रस्ता निराळा दिसायला लागतो. संजय गांधी उद्यानाच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली असे जुळे बोगदे होत आहेत. त्यांचे फायदे-तोटे मांडणारे अहवाल असतात, सुनावण्या होतात, हरकती मागवल्या जातात. उपनगरातले किती जण ते अहवाल वाचतात? नागला आणि मुख्य उद्यान यांच्यामध्ये जनावरांना सुरक्षित वाट करून द्यायची तर तंत्र परदेशातून आणायला नको, आपण त्याच्यावरून गाडी चालवून आलेलो असतो. पेंचचे पूल आपोआप बांधले गेले नाहीत. लोक न्यायालयात गेले, अभ्यासकांनी कुठे किती रुंद पूल हवा ते आखून दिलं, तेव्हा ते झाले.

आणि बारा दिवस मिळत नसतील, दहाच असतील तर? काय गाळायचं यावर घरात वाद होणारच. लोणार, वडशाचं नाटक आणि मेळघाट गाळू नका. ताडोब्यातला जादा मुक्काम आणि पेंचमधली दुसरी सफारी कापा. एवढं केलं तरी यादीतलं एकही उद्यान सुटत नाही आणि रस्त्याचे दिवसही हाती राहतात.